नृसिंहवाडीचा घाट आणि इशारा पातळी

वयस्कर मंडळींना घेऊन जाण्यासारखी जी तीर्थस्थाने आपल्याकडे आहेत, त्यांत श्रीक्षेत्र नृसिंहवाडीचे स्थान फार वरचे आहे. इथे गड चढायचा नाही, डोलीत बसायचे नाही. मिरजेला किंवा जयसिंगपूरला रेल्वेने उतरावे, तिथून एसटीने वा रिक्षाने सपाट रस्त्याने वाडी गाठावी, बाजारपेठेच्या बोळातून पायऱ्या उतराव्यात आणि कृष्णेच्या काठी औदुंबराखाली दत्तप्रभूंच्या मनोहर पादुकांसमोर उभे राहावे. ज्यांच्या हृदयात स्टेंट बसला आहे किंवा ज्यांचे बायपास होऊन गेले आहे, अशा अनेकांची पहिली यात्रा याच गावाला होते. आजारपणात बोललेला नवस फेडण्यासाठी कुटुंबच्या कुटुंब येते. या लेखात मी आपल्याला वाडीलाच नेणार आहे. परंतु एका डॉक्टरच्या नजरेने. हृदयरोगी माणसाच्या अंगात मधुमेह किती निःशब्दपणे राहू शकतो, हे समजावून सांगायला या गावाइतके योग्य ठिकाण मला दुसरे सुचत नाही.

मिरजेपासून वाडीपर्यंत

प्रवासाची सुरुवात मिरजेपासून करू. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे इस्पितळ उभे केले आणि हे छोटे संस्थानी गाव पुढे दक्षिण महाराष्ट्राचे व उत्तर कर्नाटकाचे वैद्यकीय केंद्र झाले. आजही मिरजेच्या स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत बगलेत फाइल धरलेली माणसे ठळकपणे दिसतात. एक्स-रेचे मोठे पाकीट, अँजिओग्राफीची सीडी, ईसीजीच्या पट्ट्या. हृदयरोग्याची फाइल वर्षागणिक जाड होत जाते. आपल्या घरातही अशी एखादी फाइल असेल, तर हा लेख वाचताना ती शेजारी काढून ठेवावी, ही विनंती. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

मिरज सोडून शिरोळ तालुक्याकडे निघालो की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. हिवाळ्यात आलात तर ऊसतोडणी चाललेली असते, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागलेल्या असतात आणि अधूनमधून एखाद्या गुऱ्हाळाचा धूर दिसतो. जरूर थांबावे. काहिलीत उकळणारा रस, त्यावरची मळी काढणारे हात आणि पाक कधी उतरवायचा हे केवळ नजरेने ठरवणारा गुळव्या, हे सारे पाहण्यासारखे असते. या ठिकाणी हातावर गरम गूळ ठेवला जातो आणि हमखास एक वाक्य कानी पडते : ‘खा हो, गूळ आहे, साखर नव्हे!’

इथे दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. गुळात थोडी खनिजे असली, तरी त्याचा मोठा भाग साखरच असतो. रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ, काकवी आणि साखर यांत मधुमेह्याने भेद करू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मधुमेह हा केवळ गोड खाण्याने होणारा आजार नाही. आनुवंशिकता, पोटाचा वाढलेला घेर, बैठे जीवन, वाढते वय आणि इन्सुलिनला शरीराने नीट प्रतिसाद न देणे, अशी त्याची अनेक मुळे आहेत. ‘मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, मला मधुमेह कसा असेल?’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. गोड न खाणाऱ्यालाही मधुमेह असू शकतो आणि तो आहे की नाही, हे जिभेवरून नव्हे, तर रक्तावरून ठरते.

दोन नद्यांचा संगम

वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पंचगंगा स्वतःच अनेक प्रवाहांची बनलेली आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेने मानलेली गुप्त सरस्वती, यांचा संगम कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला होतो. घाटावर उभे राहून समोर पाहिले, तर हे पाणी कृष्णेचे आणि ते पंचगंगेचे असे वेगळे दाखवता येत नाही.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि मधुमेह यांचे नाते असेच आहे. वाढलेला रक्तदाब, बिघडलेली चरबी, पोटाचा घेर, इन्सुलिनला न जुमानणारे शरीर, हे सारे प्रवाह दोन्ही आजारांना पाणी पुरवतात. मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका अधिक असतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ही वाट उलट दिशेने चालून पाहण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही. हृदयविकार झालेल्या माणसाला मधुमेह आहे का, हा प्रश्न कुणीतरी मुद्दाम विचारावा लागतो.

तो विचारला गेला तेव्हा काय आढळले? स्वीडनमधील एका अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेले आणि पूर्वी मधुमेह नसल्याचे सांगणारे १८१ रुग्ण घेतले गेले. घरी सोडण्यापूर्वी त्यांना ग्लुकोज पाजून रीतसर तपासणी केली, तेव्हा सुमारे ३१ टक्के जणांना मधुमेह असल्याचे आढळले आणि आणखी ३५ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे तिघांपैकी केवळ एकाचीच साखर खऱ्या अर्थाने सामान्य होती. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी युरोपातील २५ देशांच्या पाहणीतूनही हेच चित्र समोर आले आणि त्यात एक गोष्ट ठळक झाली : केवळ उपाशीपोटीची साखर तपासली असती, तर यांतील पुष्कळ रुग्ण हातून निसटले असते.

आपल्या देशात तर हा प्रश्न अधिक निकटचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. त्यांतील अनेकांना याची गंधवार्ता नसते.

तापलेला घाट

वाडीचा घाट काळ्या दगडाचा आहे. पादत्राणे वर काढून ठेवावी लागतात. सकाळी हा दगड पायांना सुखद वाटतो. मात्र चैत्र-वैशाखात दुपारच्या महापूजेच्या सुमारास तो तव्यासारखा तापतो. माणसे टाचांवर, चवड्यांवर, अक्षरशः उड्या मारत सावली गाठतात.

काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिकांच्या एका सहलीबरोबर मी अशाच उन्हात इथे होतो. सारेजण पाय उचलत पळत असताना सत्तरीचे एक गृहस्थ मात्र संथ पावलांनी, हात जोडून चालत होते. त्यांची सून कौतुकाने म्हणाली, ‘आण्णांची श्रद्धाच तशी आहे, डॉक्टरसाहेब. त्यांना चटका बसतच नाही.’ श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु ते वाक्य ऐकून मी त्यांना सावलीत बसवले आणि तळवे पाहू देण्याची विनंती केली. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड उठला होता. त्यांना तो जाणवलाही नव्हता.

फोड न फोडता पाय थंड, स्वच्छ पाण्याखाली धरला, निर्जंतुक पट्टी बांधली आणि मग चौकशी केली. पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. औषधे वेळेवर. दर वर्षी तपासण्या. मधुमेह? ‘छे! आमच्या आण्णांना शुगर नाही. जरा बॉर्डरवर असते एवढेच.’ फाइल सुनेच्या पिशवीतच होती. तिच्यात दर वर्षीचा ईसीजी होता, इको होते, कोलेस्टेरॉलचे अहवाल होते. साखरेचा आकडाही दर वर्षी होता, पण फक्त उपाशीपोटीचा : १०८, ११२, ११६. एचबीएवनसी एकदाही नव्हते, जेवणानंतरची साखरही नव्हती.

गावी परतल्यावर त्यांची तपासणी झाली. उपाशीपोटीची साखर ११९, जेवणानंतर दोन तासांची २४८ आणि एचबीएवनसी ७.४. दुसऱ्यांदा तपासूनही निष्कर्ष तोच आला. नायलॉनच्या तंतूने तळव्यांची संवेदना तपासली, ती दोन्ही पायांत मंदावलेली होती. मधुमेह बहुधा काही वर्षांपासून त्यांच्या सोबत राहत होता. त्याची पहिली स्पष्ट बातमी तापलेल्या दगडाने दिली. सुदैवाने ती जखम तीन आठवड्यांत भरली. ती चिघळली असती, तर ही गोष्ट मला वेगळ्या शब्दांत सांगावी लागली असती.

लक्षणे असतात, पण त्यांना आधीच नाव मिळालेले असते

मधुमेहाची लक्षणे आपण सारे पाठ म्हणू शकतो : वारंवार लघवी, तहान, थकवा, वजन घटणे, पायांची आग किंवा बधिरता, जखम लवकर न भरणे. मग हृदयरोग्याच्या घरात ती कुणाच्या लक्षात का येत नाहीत? याचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक लक्षणाला घरात अगोदरच एक कारण सापडलेले असते.

रात्री तीनदा उठावे लागते? ‘लघवीची गोळी चालू आहे ना!’ किंवा ‘प्रोस्टेटचे वय झाले.’ थकवा येतो? ‘हृदय अशक्त आहे, येणारच.’ वजन चार किलो उतरले? ‘तेल-तूप बंद केले, त्याचा गुण आला.’ पायांची आग होते? ‘बायपाससाठी पायाची शीर काढली होती, त्याचेच असेल.’ यांतील प्रत्येक स्पष्टीकरण खरे असू शकते आणि म्हणूनच ते फसवे ठरते. हृदयविकार हा घरातला मोठा, मानाचा आजार होऊन बसतो. त्याच्या पाठीमागे दुसरा आजार सहज लपतो.

आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा अतिदक्षता विभागात साखर वाढलेली सापडते. ‘आजाराच्या ताणामुळे वाढली आहे,’ असे सांगितले जाते आणि ते पुष्कळदा बरोबरही असते. त्या काळात शरीरातील तणावाची संप्रेरके साखर वाढवतात. परंतु घरी आल्यावर, प्रकृती स्थिरावल्यावर, साधारण दीड ते तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासायची असते. नेमके हेच राहून जाते. डिस्चार्जच्या कागदावरचा तो आकडा फाइलच्या तळाशी जातो आणि घरच्यांच्या स्मरणातूनही उतरतो.

आता आपली फाइल उघडून पाहावी. तिच्यात साखरेचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे? तो फक्त उपाशीपोटीचा आहे का? एचबीएवनसी हा शब्द कुठे दिसतो का? इस्पितळात असताना साखर वाढल्याची नोंद आहे का? असल्यास त्यानंतरची तपासणी कुठे आहे? हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते करायला डॉक्टर असावे लागत नाही. नातवालाही ते सांगता येईल.

राजाराम बंधाऱ्याचा आकडा

वाडीच्या पुरासंबंधी आपण ऐकले असेल. पावसाळ्यात नदीचे पाणी एकेक पायरी चढत मंदिरात येते. उत्तरेच्या दाराने आत शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक गर्दी करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी तर कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने हा सारा परिसर वेढला होता.

या भागातील एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. शिरोळ तालुक्यात पाऊस तसा कमीच. कधी कधी वाडीवर लख्ख ऊन असते आणि पाणी मात्र चढत असते, कारण ते दूर सह्याद्रीत पडलेल्या पावसाचे असते. म्हणून इथला माणूस आकाशाकडे पाहून निश्चिंत होत नाही. तो कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा विचारतो. त्या बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट ठरलेली आहे. आकडा ३९ ला पोहोचला की नदीकाठची माणसे जनावरे, धान्य, कागदपत्रे हलवण्याच्या तयारीला लागतात. दारात पाणी येण्याची वाट कुणी पाहत नाही.

रक्तातील साखरेलाही अशाच दोन पातळ्या आहेत. त्या लिहून ठेवाव्यात.

उपाशीपोटीची साखर, म्हणजे किमान आठ तास काही न खाता घेतलेली : १०० ते १२५ ही इशारा पातळी, १२६ किंवा अधिक ही धोका पातळी.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी हिशेब : ५.७ ते ६.४ ही इशारा पातळी, ६.५ किंवा अधिक ही धोका पातळी. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही.

ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर : १४० ते १९९ ही इशारा पातळी, २०० किंवा अधिक ही धोका पातळी.

स्पष्ट लक्षणे नसतील, तर एकाच अहवालावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. दुसऱ्या तपासणीने त्याची खात्री करून घेतात. म्हणून एखादा आकडा वाढलेला दिसला तरी घाबरून जाऊ नये आणि ‘बॉर्डरवर आहे’ म्हणून झटकूनही टाकू नये. बॉर्डर म्हणजेच इशारा पातळी. तिच्यावर माणूस झोपी जात नाही, तयारीला लागतो.

हृदयरोग्यांच्या बाबतीत काही बारकावे ध्यानात ठेवावेत. उपाशीपोटीची साखर ठीक असूनही जेवणानंतरची बरीच वाढलेली असू शकते. आण्णांच्या बाबतीत तेच होते. त्यामुळे एचबीएवनसी आणि उपाशीपोटीची साखर या दोन्ही तपासून घ्याव्यात. त्यांवरून निर्णय होत नसेल आणि शंका कायम असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ग्लुकोजची तपासणी करावी. तिच्या आधीचे तीन दिवस नेहमीसारखे जेवावे, भात-भाकरी मुद्दाम तोडू नये. तपासणीच्या दोन तासांत चालत फिरू नये, विडी-सिगारेट ओढू नये. बायपासच्या वेळी रक्त चढवले असेल, अंगात रक्त कमी असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर एचबीएवनसीचा आकडा दिशाभूल करू शकतो. अशी कोणतीही गोष्ट असल्यास ती डॉक्टरांना आठवणीने सांगावी, कारण प्रयोगशाळेला ती माहीत नसते.

पायऱ्या चढताना

दर्शन झाले की परत वर यायचे असते. उतरताना न जाणवलेल्या पायऱ्या चढताना जाणवतात. इथे सोबतच्या माणसांनी विशेष लक्ष द्यावे. मधुमेहात हृदयाच्या वेदना वाहणाऱ्या नसाही दुबळ्या होऊ शकतात, त्यामुळे हृदयाला रक्त अपुरे पडत असतानाही छातीत दुखेलच असे नाही. अचानक लागलेली धाप, थंड घाम, मळमळ, जबड्यात वा हातात अवघडल्यासारखे होणे, विलक्षण गळून जाणे, हीच काय ती सूचना असते. ‘छातीत दुखत नाही ना, मग पित्त असेल,’ असे म्हणून पायऱ्या चढवत राहू नये. जागीच बसवावे, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी सांगितल्याप्रमाणे द्यावी आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

म्हणूनच वयस्कर हृदयरोग्यांनी वाडीला जायचे तर पौर्णिमा, गुरुवार आणि दत्तजयंतीची गर्दी टाळावी. कार्तिक ते माघ हा काळ चांगला. सकाळची वेळ निवडावी. पहाटेच्या गार पाण्यात एकदम बुडी घेऊ नये. पाय धुऊन, पाणी डोळ्यांना लावले तरी पुण्य उणे होत नाही. उन्हाळ्यात जावेच लागले, तर दगड तापण्यापूर्वी वर यावे आणि मुक्कामी पोहोचल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी पाहाव्यात. स्वतःला वाकून दिसत नसेल, तर सुनेने वा मुलाने पाहावे. यात संकोचाचे काही नाही.

प्रसादाची पिशवी

वाडीहून कुणी रिकाम्या हाताने परतत नाही. पेढे, बासुंदी आणि इथली खास कवठाची बर्फी. या बाजारपेठेत शिरल्यावर घरातल्या मधुमेही माणसाचा चेहरा पाहण्याजोगा होतो. काहीजण त्यांना दुकानाबाहेरच उभे करतात, काहीजण ‘प्रसादाने काही होत नाही’ म्हणून वाटीभर बासुंदी पुढे करतात. या दोन्ही टोकांची गरज नाही. प्रसाद म्हणजे चिमूटभर, हाच आपल्या परंपरेचा अर्थ आहे. पेढ्याचा तुकडा कपाळाला लावून खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. वाटीभर बासुंदी आणि वर ‘आज एक गोळी जास्त घेतो’ हा हिशेब मात्र चुकीचा आहे. आणि पिशवीत कृष्णाकाठची वांगी अवश्य घ्यावीत. त्यांचे भरीत आणि ज्वारीची भाकरी हे मधुमेही हृदयरोग्यालाही चालणारे राजस जेवण आहे, फक्त तेलाचा हात आखडता असावा.

निदान झाल्यानंतर

‘या वयात अजून एक आजार शोधून काय करायचे?’ असे अनेक वृद्ध मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की आजार शोधण्याने वाढत नाही, तो न शोधण्याने वाढतो. मधुमेह आहे हे कळले की उपचारांची दिशा बदलते. साखर कमी करतानाच हृदयाला आणि मूत्रपिंडाला संरक्षण देणारी काही औषधे आता उपलब्ध आहेत. कोणते औषध कुणाला योग्य, हे हृदयाची ताकद, मूत्रपिंडाचे कार्य आणि वय पाहून डॉक्टर ठरवतात. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचे लक्ष्य नव्याने आखले जाते. डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना यांची दर वर्षी तपासणी सुरू होते. आणि चटका बसला तर तो बसला आहे, हे कुणीतरी पाहू लागते.

दोन सावधगिरीच्या सूचना. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींची साखर किंचित वाढते हे खरे. पण हृदयरोग्याला त्यांपासून होणारा लाभ त्याहून पुष्कळ मोठा आहे, म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. दुसरे, वृद्धांत साखर फार खाली उतरणे हे वाढण्याइतकेच धोक्याचे असते. बीटा ब्लॉकर गटातील हृदयाची गोळी चालू असेल, तर साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते. घाम मात्र येतो. त्यामुळे अचानक घाम, गोंधळलेपण किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर ग्लुकोमीटरने साखर पाहावी आणि ती ७० च्या खाली असल्यास, माणूस शुद्धीवर व गिळू शकत असताना, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. वयस्कर, अशक्त माणसांसाठी एचबीएवनसीचे लक्ष्य तरुणांपेक्षा सैल ठेवतात, हेही कुटुंबाने समजून घ्यावे.

वाडीची माणसे पुराला घाबरून गाव सोडत नाहीत. त्यांनी नदीबरोबर राहायची रीत शिकून घेतली आहे. आकडा विचारायचा, वेळेत सामान हलवायचे, पाणी ओसरले की घर धुऊन पुन्हा चूल पेटवायची. हृदयविकार आणि मधुमेह या दोन प्रवाहांच्या संगमावर ज्यांना राहावे लागते, त्यांनाही याहून निराळी रीत नको. पुढच्या खेपेला हृदयाच्या तपासणीसाठी जाल, तेव्हा डॉक्टरांना एकच वाक्य विचारा : ‘माझी साखर नीट, सर्व बाजूंनी तपासून झाली आहे का?’ आणि उत्तर मिळेल ते फाइलच्या पहिल्या पानावर, तारखेसह, ठळक अक्षरांत लिहून ठेवा.